दाण्याआधी अळी

फाल्गुन सरतो, ऊन तापू लागते आणि शहरांतल्या गच्च्यांवर, खिडक्यांत पाण्याची भांडी आणि बाजरी-तांदळाच्या ताटल्या दिसू लागतात. 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस साजरा होऊ लागला आणि या सवयीला आणखी बळ मिळाले. त्यामागची माया खरी आहे. पण ती पक्ष्यांच्या कामी यावी असे वाटत असेल, तर घराजवळच्या पक्ष्यांना नेमके काय कमी पडते हे आधी पाहिले पाहिजे. वाढ झालेल्या पक्ष्याचे पोट शहरात कसेबसे भरते. बाजारात सांडलेले धान्य असते, खरकटे असते, रस्त्याकडेच्या झाडांची फळे असतात. टंचाई असते ती पिल्लांच्या घासाची. अंगण, परसबाग, सोसायटीचे आवार किंवा गच्ची पक्ष्यांच्या उपयोगाची आहे की नाही, हे तिथे किती दाणे ठेवले जातात यावर ठरत नाही. तिथे पिल्लांच्या चोचीत घालण्याइतक्या अळ्या आणि किडे निपजतात का, यावर ते ठरते. या प्रकरणात हेच म्हणणे पुराव्यानिशी मांडायचे आहे.

चिमणीला आपण दाणे टिपणारा पक्षी म्हणून ओळखतो, बुलबुलाला फळे खाणारा आणि शिंजिराला मध पिणारा. ही ओळख मोठ्या पक्ष्यांपुरती खरी आहे. घरटे बांधून झाले की हे तिघेही शिकारी होतात. चिमणी पिल्लांना अळ्या, मावा, नाकतोडे भरवते. शिंजीर कोळी आणि बारीक किडे आणतो. भात खाणारी म्हणून शेतकऱ्याच्या डोळ्यावर आलेली सुगरणदेखील पहिल्या दिवसांत पिल्लांना किडेच देते. शिंपी, दयाळ, वटवट्या, सुभग हे तर आयुष्यभर किड्यांवरच प्रामुख्याने जगतात. कारण साधे आहे. उघडे, आंधळे पिल्लू साधारण दोन आठवड्यांत पंख फुटून घरट्याबाहेर पडायचे असते, आणि इतक्या झपाट्याने अंग भरायला प्रथिने लागतात. कोरडा दाणा ती पुरेशी देत नाही, आणि त्यात पाणीही नसते. मऊ, रसदार अळीत दोन्ही असते. अमेरिकेतला चिकाडी हा आपल्या शिंप्याहून थोडासाच मोठा पक्षी आहे. त्याच्या एका विणीची पिल्ले वाढवायला 6,000 ते 9,000 अळ्या लागतात असा अंदाज तिथल्या अभ्यासकांनी केला आहे. एका घरट्यासाठी, दोन-अडीच आठवड्यांत, आणि तेही घरट्याजवळच्या थोड्याशा झाडीतून. अळ्या शोधायला दूर जावे लागले, तर फेऱ्या कमी होतात आणि पिल्ले उपाशी राहतात. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात चिमण्यांच्या विणीचा अभ्यास झाला, तेव्हा किड्यांची टंचाई आणि पिल्लांचे मरण यांचा हाच संबंध दिसून आला.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तोच नियम अधिक स्पष्ट करतो. पारवे आणि होले पिल्लांसाठी किडे शोधत नाहीत. नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीच्या आवरणातून दह्यासारखा दाट, प्रथिनांनी भरलेला पदार्थ तयार होतो आणि सुरुवातीचे दिवस पिल्ले त्याच्यावरच वाढतात. त्याला कपोतदुग्ध म्हणतात. म्हणजे पारव्याला दाणा मिळाला की त्याचे पिल्लू वाढते. मधे अळीची गरज नाही. चिमणीला दाणा मिळाला तर चिमणी जगते, पण तिचे पिल्लू वाढेलच असे नाही. शहरात आपण टाकलेल्या धान्यावर पारवेच का माजतात, याचे उत्तर पारव्याच्या दांडगाईइतकेच या शरीररचनेत आहे. भारतभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालांतही हे चित्र दिसते. 2020 च्या अहवालानुसार चिमणीची संख्या देशात एकूण स्थिर राहिली, पण मोठ्या महानगरांत घटली. 2023 च्या अहवालात ज्या 338 जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांतल्या 60 टक्के जाती घटलेल्या आढळल्या. जे थोडे पक्षी वाढले, त्यांत पारवा आहे. त्याच अहवालात फळे आणि मध यांवर जगणाऱ्या पक्ष्यांपेक्षा किडे खाणारे आणि दाणे खाणारे पक्षी अधिक वेगाने घटताना दिसतात, आणि दाणे खाणाऱ्यांतले कितीतरी पक्षी पिल्लांना किडेच भरवतात.

दाणे टाकण्याचा परिणाम प्रत्यक्ष मोजूनही पाहिला गेला आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात काही घरांच्या बागांत दीड वर्ष पाव आणि बिया ठेवल्या गेल्या आणि काहीही न ठेवलेल्या बागांशी त्यांची तुलना केली गेली. 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाणे ठेवलेल्या बागांत चिमण्या आणि होले या तिथे बाहेरून आलेल्या पक्ष्यांची गर्दी झाली. किडे खाणारा रिरोरिरो हा तिथला छोटा मूळ पक्षी मात्र त्या बागांत कमी दिसू लागला. इंग्लंडमध्ये आणखी एक धोका पुढे आला. 2005 च्या सुमारास पारव्यांच्या कुळात आढळणारा ट्रायकोमोनास हा परजीवी तिथल्या ग्रीनफिंच पक्ष्यांत शिरला, आणि एकाच भांड्यातून अनेक पक्षी खात-पीत असल्याने पसरला. काही वर्षांतच त्या जातीची संख्या सुमारे एक-तृतीयांशाने घटली. मग दाणे टाकूच नयेत का? प्रश्न रास्त आहे, कारण पाखरांना दाणे घालणे हा अनेक घरांत धर्म मानला जातो. त्या भावनेचा मान राखूनही एवढे सांगता येते: थोडे दाणे, रोज झाडलेली जागा, धुतलेली ताटली आणि पारव्यांचा थवा जमू लागला की लगेच थांबणे, एवढे पाळले तर मूठभर बाजरीने नुकसान नाही. मात्र तेवढ्याने पक्षी वाचतात असे समजू नये. कामाची खरी सुरुवात मातीपासून होते.

अळ्या येतात कुठून? झाडांच्या पानांतून, पण कोणत्याही झाडाच्या नाही. पान खाल्ले जाऊ नये म्हणून प्रत्येक वनस्पती पानांत निरनिराळी रसायने साठवते. ती पचवण्याची क्षमता कीटकांच्या वंशांत हजारो-लाखो वर्षांत येते, आणि ती क्षमता बहुधा एखाद्या झाडापुरती किंवा कुळापुरतीच असते. पॉल एर्लिच आणि पीटर रेव्हन यांनी 1964 मध्ये फुलपाखरे आणि वनस्पती यांच्या या जोडीने झालेल्या उत्क्रांतीची मांडणी केली. ती आपल्या अंगणातही पडताळून पाहता येते. लिंबू आणि कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडे. कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय त्यांवर अंडी घालतात. 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू ठरवलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही याच कुळातल्या झाडांची पाने खातात. रुईचा विषारी चीक पचवणारी प्लेन टायगरची अळी रुईवर भेटते. बहाव्यावर एमिग्रंट, वड-उंबरावर कॉमन क्रो, पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणाऱ्या टाकळ्यावर छोटी पिवळी फुलपाखरे. परक्या खंडातून आणलेल्या झाडाची रसायने इथल्या बहुतेक किड्यांना अनोळखी असतात. त्यावर एकही कीड येत नाही असे नाही, पण संख्या आणि विविधता यांत फार अंतर पडते. ब्रिटनमधल्या झाडांवर किती जातींचे कीटक आढळतात याची मोजदाद टी. आर. ई. साउथवुड यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केली. तिथल्या ओक वृक्षावर 284 जाती होत्या, आणि बाहेरून आणून लावलेल्या हॉर्स चेस्टनटवर फक्त 4.

झाडापासून अळीपर्यंत आणि अळीपासून पिल्लापर्यंतची ही साखळी घरांच्या बागांतच मोजणारा अभ्यास 2018 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. डेझिरे नारँगो, डग्लस टॅलमी आणि पीटर मारा यांनी वॉशिंग्टन शहराभोवतालच्या वस्त्यांत चिकाडीची घरटी पाहिली आणि त्या त्या बागेतल्या झाडांचा हिशेब मांडला. बागेतल्या एकूण झाडोऱ्यात स्थानिक झाडे 70 टक्क्यांहून कमी झाली, की तिथे वाढणारी पिल्ले चिकाडीची संख्या टिकवायला पुरत नाहीत, असे त्यांना दिसले. बाग हिरवीगार होती, फुललेली होती, पक्षी तिथे येतही होते. पण ती बाग पक्षी घडवत नव्हती, शेजारून खेचत होती. हा आकडा जसाच्या तसा पुण्याला किंवा नागपूरला लावता येणार नाही, कारण झाडे वेगळी, पक्षी वेगळे आणि ऋतूही वेगळे. त्यामागचे कारण मात्र सगळीकडे तेच आहे. आपल्या रस्त्यांवर आणि आवारांत मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेचा रेन ट्री, मध्य अमेरिकेची ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ, ऑस्ट्रेलियाची निलगिरी भरून आहे, आणि नव्या इमारतींच्या कडेने पाम आणि छाटून चौकोनी केलेली कुंपणे लागत आहेत. ही हिरवळ सावली देते, धूळ अडवते, हे मान्य. घरट्याला लागणारे अन्न ती फारच थोडे पिकवते.

मग लावायचे काय? पहिला विचार थरांचा करावा, कारण पक्षी वेगवेगळ्या उंचीवर जगतात. जागा मोठी आणि भिंतींपासून दूर असेल तर उंबराइतके देणारे झाड दुसरे नाही. त्याला वर्षातून अनेकदा फळे येतात, ती तांबट, बुलबुल, कोकिळ, महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हे सगळे खातात, आणि फळांतल्या किड्यांवर आणखी काही पक्षी जगतात. उंबराची मुळे पाया आणि पाण्याच्या टाक्या उखडतात, म्हणून छोट्या आवारात त्याचा आग्रह धरू नये. तिथे भोकर, शेवगा, बकुळ, बहावा यांना जागा द्यावी. पांगारा आणि काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडावर मध देतात. सावरीचा कापूस घरट्यांच्या अस्तराला जातो. त्याखालच्या थरात लिंबू, कढीपत्ता, अडुळसा, धायटी, मेंदी. कुंपणाला करवंद, कारण काटेरी जाळीत मांजराचा पंजा पोचत नाही. देशावरच्या कोरड्या भागात बोर आणि बाभूळ ही झाडे लोक उपटून टाकतात, पण बाभळीवर सुगरणीची घरटी लटकतात आणि बोरीवर बुलबुल पोसतात. सर्वांत खालचा थर गवताचा. आवाराचा एक कोपरा पावसाळ्यानंतर लगेच कापू नये. गवताचे बी पिकून झडेपर्यंत थांबावे. मुनियांना हवा असलेला दाणा त्या गवतातच असतो, ताजा आणि फुकट.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: शिंजीर तर परदेशी हमेलियावर दिवसभर घिरट्या घालतो, बुलबुल सिंगापूर चेरी आणि घाणेरीची फळे आवडीने खातो, मग ही झाडे वाईट कशी? आक्षेपातली माहिती खरी आहे, निष्कर्ष अपुरा आहे. फूल मोठ्या शिंजिराचे पोट भरते, त्याच्या पिल्लासाठी किडे वेगळे शोधावे लागतात. म्हणून हमेलियाचे एखादे झुडूप ठेवायला हरकत नाही. सगळी बाग तसल्याच झाडांची होऊ देऊ नये. घाणेरीचे प्रकरण मात्र गंभीर आहे. मूळ अमेरिकेतले हे झुडूप पक्ष्यांच्या विष्ठेतून रानोमाळ पसरले आणि भारतभरच्या जंगलांत स्थानिक झुडपांची जागा त्याने बळकावली. पक्षी जे खातो ते पेरतोही, हे इथे विसरून चालत नाही. सलीम अलींनी 1931 मध्ये कोकणातल्या निरीक्षणांतून दाखवले होते, की बांडगुळाच्या फुलांचे परागण शिंजीर करतात आणि त्याच्या चिकट बिया फुलटोचे एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेऊन लावतात. आपल्या बागेतल्या फळाचे बी शेजारच्या टेकडीवर जाणार असते. तेव्हा ‘पक्ष्याला आवडते’ एवढ्या कसोटीवर झाड निवडणे पुरेसे नाही.

दुसरा आक्षेप माळ्याचा आणि बागप्रेमी गृहिणीचा: अळ्या वाढू दिल्या तर बाग राहील का? राहते. जुने, रुजलेले झाड बरीचशी पाने गमावूनही पुन्हा फुटते, आणि पावसाळ्यात तर कढीपत्ता दोन आठवड्यांत नवी पालवी धरतो. ज्या रोपाची काळजी आहे त्यावरच्या अळ्या हाताने उचलून दुसऱ्या झाडावर सोडाव्यात, भाज्यांच्या वाफ्यावर बारीक जाळी घालावी, आणि कढीपत्त्याचे एक रोप घरासाठी, एक फुलपाखरांसाठी असे ठेवावे. औषध फवारणे हा मात्र पक्ष्यांच्या ताटात विष कालवण्याचा प्रकार आहे. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आपल्याकडे सहज मिळते आणि कुंड्यांवरही सर्रास वापरले जाते. नेदरलँड्समध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या भागांतल्या पाण्यात हे द्रव्य अधिक सापडले तिथे किडे खाणारे पक्षी दरवर्षी सरासरी साडेतीन टक्क्यांनी घटताना दिसले. कडुनिंबाचा अर्क त्या मानाने सौम्य, पण अळ्या त्यानेही मरतात. तोही सरसकट फवारू नये. किडे खाणारे पक्षी एकदा बागेत घरटी करू लागले की कीड आवाक्यात ठेवण्याचे बरेचसे काम तेच करतात, मात्र त्यासाठी आधी थोडी कीड सोसावी लागते.

तिसरा आक्षेप स्वच्छतेचा. पालापाचोळा साठू दिला, गवत वाढू दिले तर साप येतील. पाणी ठेवले तर डास होतील. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. घराच्या दाराशी, मुलांच्या खेळण्याच्या जागी गवत वाढवू नये, पाचोळा आवाराच्या लांबच्या कडेला झाडांच्या बुंध्याशी ठेवावा. वस्तीत साप बहुधा उंदरांच्या मागे येतो आणि उंदीर सांडलेल्या धान्याच्या व उघड्या कचऱ्याच्या मागे. म्हणजे दाण्यांचा ढीग हा पाचोळ्याहून मोठा धोका आहे. पाचोळ्यात मात्र गांडुळे, वाळवी, भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात आणि सातभाई व दयाळ त्यासाठीच जमीन उकरतात. पाण्याचे भांडे पसरट, दोन-तीन बोटे खोल आणि खडबडीत तळाचे असावे. एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडाभर तरी लागतो, म्हणून रोज बदललेल्या पाण्यात त्याची पैदास होत नाही. पण त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहूनही टिकतात, तेव्हा पाणी नुसते ओतून न देता भांडे घासावे. कोळ्यांची सगळी जाळी झाडून टाकण्याची घाईही टाळावी, कारण शिंजीर आणि शिंपी दोघेही घरटे जोडायला तेच धागे वापरतात.

अन्नाइतकेच महत्त्व घरट्याच्या सुरक्षिततेला आहे. पावसाळ्याआधी एप्रिल-मे महिन्यांत शहरांत फांद्यांची छाटणी होते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत अनेक पक्ष्यांची वीण चालू असते. धोकादायक फांदी काढावीच लागेल. बाकीची छाटणी हिवाळ्यावर ढकलावी आणि करवत लावण्याआधी प्रत्येक फांदी पाहावी. वाळलेली फांदी कोणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर राहू द्यावी, कारण तांबट तिच्यातच ढोली कोरतो आणि त्याने सोडलेल्या ढोलीत दुसरे पक्षी राहतात. चिमणीसाठी पेटी लावायची तर सुमारे 32 मिलिमीटरचे भोक पुरते, आणि पेटीवर दुपारचे ऊन येऊ नये. मोकाट मांजर आणि काच हे दोन शत्रू घराचेच असतात. अमेरिकेत काचेवर आपटून वर्षाला 36 ते 99 कोटी पक्षी मरतात असा अंदाज आहे. काचांनी मढलेल्या इमारती आपल्याकडेही वाढत आहेत. मोठ्या काचेवर बाहेरून पाच-दहा सेंटिमीटर अंतराने ठिपके किंवा पट्ट्या लावल्या तर पक्ष्याला ती काच दिसते. एखाद-दुसरे चिकटचित्र लावून भागत नाही.

शेवटचा आक्षेप निराशेचा: चार कुंड्यांनी किंवा गुंठाभर आवाराने काय होणार? जेनिफर ओवेन या जीवशास्त्रज्ञ बाईंनी लेस्टरमधल्या आपल्या सामान्य उपनगरी बागेत 1972 पासून तीस वर्षे नोंदी ठेवल्या. साडेसातशे चौरस मीटरहून कमी जागेत त्यांना 2,673 जातींचे सजीव सापडले, त्यांत सुमारे दोन हजार जातींचे कीटक होते. ती बाग राखीव जंगल नव्हती; तिथे भाजी होती, फुले होती, गवत कापले जात होते, फक्त विष फवारले जात नव्हते. शिवाय अळीसाठी बाग हद्दीच्या भिंतीपाशी संपत नाही. एका सोसायटीत बहावा, शेजारच्या शाळेत उंबर, पलीकडच्या बंगल्यात लिंबू आणि करवंद असेल, तर शिंप्याच्या जोडीला त्या तिन्ही जागा मिळून एकच राहण्याजोगा प्रदेश होतो. गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या आणि अडुळशाच्या कुंड्याही त्यात भर घालतात. शहरातली जमीन कोण्या एका खात्याच्या हाती नाही. ती हजारो घरांत, शाळांत, देवळांत आणि कार्यालयांच्या आवारांत वाटली गेली आहे. म्हणून तिथला निर्णयही तितक्याच जणांना घ्यावा लागेल.

तेव्हा येत्या मृगाला रोपवाटिकेत जाल, तेव्हा फुलांचा रंग पाहण्याआधी हे झाड इथल्या कोणत्या अळीचे अन्न आहे हे विचारा. एक जागा गवताला सोडा, फवारणी बंद करा, पाण्याचे भांडे रोज घासा, छाटणी हिवाळ्यावर ढकला. ज्या पानावर अळीने खाल्लेली भोके दिसतील, ते पान खराब झाले असे मानू नका. तुमच्या बागेत पिल्लांसाठी अन्न तयार होऊ लागल्याची ती खूण आहे.